निवृत्ती, कोब्रा आणि मेडिकेअर नावनोंदणीच्या मुदती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी ६७ वर्षांचा असून ३१ मार्च २०२६ रोजी निवृत्त होत आहे. मेडिकेअरचा (अमेरिकन सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य विम्याचा) पार्ट ए, म्हणजे रुग्णालयाचा भाग, पूर्वीच घेतला आहे. कंपनीचा विमा असल्यामुळे पार्ट बी, म्हणजे डॉक्टर व बाह्योपचारांचा भाग, मात्र घेतला नाही. निवृत्तीनंतर कंपनी १८ महिने कोब्रा, म्हणजे स्वतः हप्ता भरून पुढे चालू ठेवायचा कंपनीचाच विमा, देणार आहे. तो संपेपर्यंत थांबून ऑक्टोबरच्या खुल्या मुदतीत पार्ट बी घेतला तर चालेल का? तसेच माझ्या ७८ वर्षांच्या आईला ग्रीन कार्ड मिळून येत्या डिसेंबरात पाच वर्षे पूर्ण होतील. तिला माझ्या नोकरीच्या आधारे मेडिकेअर मिळेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला,
एक सभासद, न्यू जर्सी

*

सप्रेम नमस्कार.

आपण कोब्रा संपण्याची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी करत असताना पार्ट बी न घेण्याची मुभा वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या विम्यामुळे मिळते, आणि ती नोकरीबरोबरच संपते. कोब्रा हा नोकरीचा विमा धरला जात नाही. नोकरी किंवा तिचा विमा यांपैकी जे आधी संपेल त्यानंतर आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते. आपल्या बाबतीत ती एप्रिल ते नोव्हेंबर २०२६ अशी होईल.

ती चुकवून आपण सप्टेंबर २०२७ अखेरपर्यंत कोब्रावर राहिलात, तर पार्ट बीसाठी १ जानेवारी ते ३१ मार्च २०२८ या सर्वसाधारण मुदतीची वाट पाहावी लागेल, आणि मधले काही महिने डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याविना जातील. शिवाय विलंबाच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्यावर दहा टक्के दंड बसतो. आपला विलंब चोवीस महिन्यांचा मोजला जाईल, म्हणजे वीस टक्के. २०२६चा मूळ हप्ता दरमहा २०२.९० डॉलर आहे. त्या दराने महिन्याला सुमारे ४० डॉलरचा भुर्दंड पडेल, आणि तोही पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ जन्मभराचा. याहून वाईट म्हणजे, पार्ट बी घेण्यास पात्र असूनही आपण तो घेतला नाही, तर जी रक्कम मेडिकेअरने भरली असती ती देण्यास कोब्राची विमा कंपनी नकार देऊ शकते. कोब्राचा महागडा हप्ता भरूनही डॉक्टरांचे बिल आपल्याच गळ्यात पडू शकते.

ऑक्टोबरच्या मुदतीविषयी आपल्या मंडळींत मोठीच गल्लत आहे. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा काळ ज्यांचे मेडिकेअर सुरू आहे त्यांनी ॲडव्हान्टेज (खासगी विमा कंपनीमार्फत मिळणारे मेडिकेअर) किंवा औषधांची योजना बदलण्यासाठी असतो, आणि तो बदल १ जानेवारीपासून लागू होतो. पार्ट बी प्रथमच घेण्याशी त्याचा संबंध नाही. आपण फेब्रुवारीतच अर्ज करून पार्ट बी १ एप्रिलपासून मागावा. अर्जासोबत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने भरून दिलेला एल-५६४ हा नोकरीच्या विम्याच्या दाखल्याचा फॉर्म लागतो. तो नोकरी सुटण्यापूर्वीच मागून ठेवावा, कारण नंतर त्याच कंपनीत आपल्या मेलला उत्तर देणारे कोणी राहत नाही.

मेडिगॅप (मेडिकेअरनंतर आपल्यावर उरणारा खर्च भरणारा खासगी पूरक विमा) घ्यायचे असल्यास पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे सहा महिने वाया घालवू नका. या काळात विमा कंपनीला आपला मधुमेह किंवा हृदयविकार पुढे करून नकार देता येत नाही. त्यानंतर न्यू यॉर्क, कनेटिकट अशी मोजकी राज्ये सोडली, तर प्रकृतीची चौकशी होते. दलालाकडे जाण्याआधी आपल्या राज्याच्या ‘शिप’ या मोफत सल्ला सेवेशी बोलावे. दलालाला कमिशन असते, त्यांना नसते.

आईंच्या बाबतीत, मुलाच्या नोकरीवर आई-वडिलांना मोफत पार्ट ए मिळत नाही. त्यासाठी स्वतःची किंवा जोडीदाराची चाळीस तिमाहींची नोकरी लागते. मात्र वय ६५ पूर्ण असून ग्रीन कार्डावर अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य झाले असेल, तर हप्ते भरून मेडिकेअर घेता येते. २०२६मध्ये पार्ट एसाठी दरमहा ५६५ डॉलर आणि शिवाय पार्ट बीचा हप्ता. नुसता पार्ट बीही घेता येतो, परंतु मग मेडिगॅप किंवा ॲडव्हान्टेज मिळत नाही. आईंची नावनोंदणीची सात महिन्यांची पहिली मुदत पाच वर्षे पूर्ण होण्याच्या महिन्याच्या तीन महिने आधी उघडते, म्हणून सप्टेंबरमध्येच सोशल सिक्युरिटी कार्यालयाची वेळ घ्यावी. मधल्या काळात त्यांचा भारतात लांबचा मुक्काम झाला असल्यास सलग वास्तव्याच्या पुराव्यासाठी पासपोर्ट व तिकिटे सोबत न्यावीत.

आपला नम्र,
ज्येष्ठ नागरिक गटाचा एक सदस्य

*

नमस्कार.

याच अनुषंगाने एक शंका. आम्ही उभयता दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च पुण्यात असतो. तिथे मेडिकेअर चालत नाही, तर तेवढ्यापुरता पार्ट बी बंद करावा का?

एक सभासद, पेनसिल्व्हेनिया

*

नमस्कार.

करू नये. परत घेण्यासाठी जानेवारी ते मार्चचीच मुदत मिळेल, जेव्हा आपण पुण्यात असाल, आणि वर दंडाची टांगती तलवार. आपण ॲडव्हान्टेज योजनेत असाल, तर तिच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास सामान्यतः नाव कमी होते. आपण पाच महिन्यांत परतता, तेव्हा ती अडचण नाही. मेडिगॅपचा प्लॅन जी किंवा एन असेल, तर परदेशातील तातडीच्या उपचारांचा २५० डॉलरनंतरचा ऐंशी टक्के खर्च मिळतो, पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच, आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० डॉलरपर्यंत. जानेवारीपासून पुढच्या मुक्कामासाठी भारतातला वेगळा विमा पाहावा लागेल.

आपला नम्र,
ज्येष्ठ नागरिक गटाचा एक सदस्य