मदत हवी आहे: ताण उतरवायला दिवसात जागाच उरलेली नाही

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. गेल्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत दात खाता का?" दाढा झिजल्या आहेत. रात्री घालायला गार्ड करून दिलंय, पण मागे ताण असू शकतो असंही म्हणाल्या. घरी येईपर्यंत रिक्षात रडत होते.

मी डोंबिवलीला राहते, घाटकोपरला अकाउंट्समध्ये आहे. वय ४४. या कामातल्यांना वेगळं सांगायला नको: ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, की लगेच महिनाअखेर. सासूबाईंना मागच्या वर्षी पॅरॅलिसिसचा झटका आला. दिवसा मावशी असतात, सातनंतर मी. मुलगा दहावीला. नवरा मदत करतो, पण त्याच्या शिफ्ट बदलत्या असतात. यातलं एकही मोठं संकट नाही, म्हणून बोलायलाच संकोच वाटतो.

दहा वर्षांपूर्वीही धावपळ होतीच. पण तेव्हा लोकलमध्ये चढलं की ऑफिस सुटलेलं असायचं आणि घर अजून यायचं असायचं. ती चाळीसेक मिनिटं माझी होती. आता त्यातच ऑफिसचा ग्रुप, मावशींचा फोन, शाळेचे मेसेज.

पहाटेचं चालणं चार दिवस टिकलं. ध्यानाचं अ‍ॅप लावून डोळे मिटले की उरलेल्या कामांची यादी सुरू होते. मैत्रीण म्हणते इगतपुरीला विपश्यनेला जा. फार इच्छा आहे, पण दहा दिवस घर कोणाच्या हवाली करू? एकच गोष्ट जमली. सकाळी मुंब्रा आलं की फोन पर्समध्ये टाकते आणि ठाण्यापर्यंत चार आकडे मोजत श्वास घेते, सहा मोजत सोडते. गर्दीत उभ्या उभ्याही होतं. खांदे खाली येतात, जबडा सैल पडतो.

पण रात्री तीनला जाग येते तेव्हा याचा उपयोग होत नाही. तेव्हा काय करता? आणि संध्याकाळचे ऑफिसचे मेसेज कोणी बंद करवून घेतले आहेत का? साहेबांना कोणत्या शब्दांत सांगितलं?

प्रतिसाद १
ताई, मीही जीएसटीवालाच. साहेबांना "त्रास होतो" म्हणू नका, वेळ सांगा. मी म्हटलं, "सात ते साडेआठ मेसेज बघणार नाही, अडलंच तर फोन करा." आठवड्यात एखादाच फोन येतो. निघण्याआधी उद्याची कामं कागदावर लिहून तो ड्रॉवरमध्ये ठेवतो, घरी आणत नाही. तीनला जाग आली तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत आडव्या व्हा. आणि चार-पाचनंतर चहा किती होतो? कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात.

प्रतिसाद २
पॅरॅलिसिसच्या पेशंटचं रोजचं करणं ही लहान गोष्ट नाही हो. माझ्या वडिलांचं तीन वर्षं केलं, म्हणून सांगते. या वयात पाळी जायच्या आधीच्या बदलांनीही झोप मोडते, थायरॉईडचाही त्रास असू शकतो. सगळं ताणावर ढकलू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तीन वाजता कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारी आणि मोफत, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. अगदी टोकाला जाईपर्यंत थांबायचं कारण नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. शेवटचा चहा साडेसहाला ऑफिसात व्हायचा, तो कालपासून बंद केला. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. ३बी भरून झालं की २१ तारखेला साहेबांशी बोलेन, वाक्य तुमचंच वापरेन. मावशींना विचारलं, तर शनिवारी दोन तास जास्त थांबते म्हणाल्या. त्याचे वेगळे पैसे द्यायचेच आहेत. डोंबिवली-कल्याणकडे तासाला किती देतात, कोणी सांगेल का?