भाव पडणं म्हणजे दुष्काळ नव्हे

गरिबांचं जगणं दाखवणारे संगणकावरचे खेळ मुलांना गरिबी समजावून देतात, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. 'थर्ड वर्ल्ड फार्मर' हा असाच एक खेळ मी लेकीबरोबर बसून खेळले. आफ्रिकेतलं एक कुटुंब, हातात थोडकेच पैसे. मका लावायचा की कापूस ते ठरवायचं आणि वर्ष पुढे ढकलायचं. मग निकाल येतो: कधी दुष्काळ, कधी यादवी, कधी बाजार कोसळलेला. कापूस गेला तशी लेक म्हणाली, "आई, आपलं नशीबच वाईट."

खटकलं ते इथेच. पाऊस आणि बाजारभाव एकाच फाशावर कसे? बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या आफ्रिकी देशांनी 2003 साली जागतिक व्यापार संघटनेत हेच मांडलं होतं: अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देतात, त्याने जगभरात भाव पडतात आणि मार आमच्या शेतकऱ्याला बसतो. हे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. खेळात ती माणसं दिसतच नाहीत.

हैती या कॅरिबियन देशावरच्या 'आयिती' या दुसऱ्या खेळात निदान पोराला शाळेत घालायचं की कामाला लावायचं, हा पेच समोर येतो. फी भरली की औषधपाण्याची ओढाताण. तिथे लेक माउसवर हात ठेवून बराच वेळ गप्प बसली होती.