सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेंबरने बदनामी केली तर सोसायटी जबाबदार का नाही?

डोंबिवलीकर:
परवा एकांनी लिहिलं, "मेंबर काय बोलतो त्याच्याशी सोसायटीचा काय संबंध, ज्याचं तोंड त्याची जबाबदारी." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्याकडे खजिनदार बाईंनी लिफ्टच्या कामात पैसे खाल्ले असं एका मेंबरने ग्रुपवर टाकलं, पुरावा काहीही नाही. ग्रुपला नाव सोसायटीचं, अ‍ॅडमिन सेक्रेटरी, कमिटीचे सगळे त्यात, आणि एकानेही "हे काढा" म्हटलं नाही. ऑडिटमधे काही निघालं नाही पण तोवर बाईंनी राजीनामा दिला होता, त्यांच्या मुलीला जिन्यात टोमणे ऐकावे लागले ते वेगळंच. आणि म्हणे संबंध नाही!

वकिलीण_नागपूर:
राग कळतो पण कायदा तुमच्या बाजूने नाही. गोंदियाच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ ला सांगितलंय, मेंबरच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनवर गुन्हा नाही, आधीपासून संगनमत असेल तरच. दिल्ली हायकोर्ट तर २०१६ लाच म्हणालं की अ‍ॅडमिनला धरणं म्हणजे बदनामीच्या मजकुरासाठी पेपरचा कागद बनवणाऱ्याला धरणं. ज्याने लिहिलं त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ लावा (जुन्या आयपीसीचं ४९९-५००), आणि दिवाणी दावा करायचा तर मुदत फक्त एक वर्ष आहे, तेवढं बाईंना सांगा.

डोंबिवलीकर:
नागपूरचा निकाल आला तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज डिलीट करता येत नव्हता, ती सोय २०२२ मधे आली. आता हातात असून काढत नाही त्याला काय म्हणायचं?

वकिलीण_नागपूर:
हा मुद्दा चांगला आहे, मान्य. तरी गप्प बसणं म्हणजे बदनामी करणं नव्हे. मात्र तोच आरोप कमिटीने लेटरहेडवर किंवा मिटिंगच्या इतिवृत्तात घालून सगळीकडे वाटला तर ते मेंबरचं बोलणं राहत नाही, सोसायटीचंच होतं.

माजी_सेक्रेटरी:
सगळं कमिटीच्याच गळ्यात घाला!! फुकट काम करतो आम्ही, रात्री पंप बंद पडला तरी फोन आम्हालाच. आणि बदनामीचंच बोलायचं तर थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावली म्हणून एकाने मला वकिलाची नोटीस पाठवली होती, त्याने मेंटेनन्स भरायचा नाही आणि अब्रू आमची जायची?

पार्किंगवाला:
यादी लावलीच का पण? माझं नाव लावलं होतं आमच्याकडे, मी पैसे भरले होते, चेक यांच्या ड्रॉवरमधे पडून! २१ टक्के व्याज लावून वर नाव बोर्डावर. माझ्या सासऱ्यांनी वाचलं ते.

माजी_सेक्रेटरी:
आमची यादी बरोबर होती, रुपयान् रुपयाचा हिशेब होता. खरं लिहिलं तर बदनामी कशी?

वकिलीण_नागपूर:
नुसतं खरं असून भागत नाही, फौजदारीत ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. सभासदांना थकबाकी कळणं हिताचं आहे असं म्हणता येईल, पण यादी गेटवर कुरियरवाल्यांना दिसेल अशी लावली तर अवघड. आणि पार्किंगवाल्यांच्या बाबतीत यादी कमिटीनेच लावली, म्हणजे तिथे सोसायटीला हात झटकता येणार नाहीत.

पार्किंगवाला:
बघा! मी तेव्हापासून हेच सांगतोय, कोणी ऐकलं नाही.

माजी_सेक्रेटरी:
चूक असेल तर बोर्डावरच दुरुस्ती लावावी, एवढं मान्य करतो. पण शेदीडशे लोकांच्या ग्रुपवर चोवीस तास पहारा द्यायला मी तयार नाही, कोणीच नसेल.

डोंबिवलीकर:
पहारा कोण मागतंय? बाईंनी स्वतः सेक्रेटरीला फोन करून मेसेज काढायला सांगितलं होतं, त्याने पाहिलं आणि सोडून दिलं. कोर्टात टिकेल न टिकेल, मी पुढच्या एजीएमला (वार्षिक सभेला) ठराव मांडणार आहे की ऑडिट स्वच्छ निघालं हे सोसायटीने लेटरहेडवर लिहून प्रत्येक फ्लॅटला द्यावं.

माजी_सेक्रेटरी:
मांडा. आणि पुढचा खजिनदार कुठून आणणार तेही त्याच ठरावात लिहा.