मदत हवी आहे: दम्याच्या पेशंटसाठी खारघर सेक्टर ३४-३५ कसं आहे?

आई-बाबा पुढच्या महिन्यात कायमचे आमच्याकडे राहायला येताहेत. आईला दमा, बाबांचे गुडघे पार गेलेले. भाड्याने टू बीएचके हवंय, लिफ्ट हवीच, बजेट ३० हजार. माझं ऑफिस ऐरोलीत. नेरूळ-वाशी बघून झालं, या भाड्यात लिफ्टची इमारत मिळाली नाही.

घोडबंदर रोडला कासारवडवलीत दोन घरं पाहिली. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर काळंकुट्ट. शिवाय आईला रात्री अटॅक आला आणि त्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर? तो विचारच सहन होत नाही, म्हणून ते नको.

खारघरचं घर मनात भरलंय. बेलापूर-पेंधर मेट्रो जवळ, रस्ते मोकळे, बाबांना चालता येईल. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दुपारी, हवा स्वच्छ वाटली. पण निघताना वॉचमनकाका म्हणाले, "ताई, एकदा पहाटे येऊन बघा. तळोज्याच्या कंपन्यांचा वास तेव्हा येतो." एजंट म्हणतो, फक्त थंडीत येतो. दुसरी काळजी पाण्याची: तिथे पाणी सिडकोचं (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), नवी मुंबई महापालिकेचं नाही. सोसायटीच्या गेटवर टँकर उभा होता.

तिथे वर्षभर तरी राहिलेल्यांनीच सांगा: वास कोणत्या महिन्यांत, किती वाजता येतो? खिडक्या बंद केल्यावर थांबतो का? आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचे पैसे मेंटेनन्सशिवाय वेगळे भरावे लागतात का?