रिनोव्हेट केलेला जुना फ्लॅट घेतोय, काय काय तपासू?

मनीप्लांट:
डोंबिवली पूर्वेला एक रीसेल वन बीएचके आवडलाय. इमारत १९९३ची, चार मजली, फ्लॅट तिसऱ्यावर. मालकांनी सहा महिन्यांपूर्वी सगळं नवं केलंय. मोठ्या टाइल्स, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, शिवाय बेडरूमला दुसरं अटॅच्ड टॉयलेट. एजंट म्हणतो, "ताई, फक्त बॅगा घेऊन यायचं!" बाबांना मात्र खटकतंय, एवढा खर्च केला आणि लगेच विकताय कशाला? शनिवारी टोकन द्यायचंय. जाणकारांनो, सांगा.

प्लास्टरकाका:
बाबांचं ऐका. साइटवर आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगतो.

आधी ते फॉल्स सीलिंग. तीस वर्षांच्या इमारतीत स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. ते झाकायला पीओपीसारखी स्वस्त गोधडी नाही. वर बघायचं कसं? मालकांना विचारून एक एलईडी लाइट खाली ओढा, तो नुसत्या स्प्रिंगवर असतो (आधी मेन बंद!). त्या भोकातून टॉर्च लावून मोबाइल आत घाला आणि चारी दिशांना व्हिडिओ काढा. सळया दिसल्या, प्लास्टर सुटलेलं किंवा तपकिरी डाग दिसले तर समजून जा.

आणि हो, ते दुसरं टॉयलेट मूळ नकाशात आहे का?

आळशी_ऊद:
टाइलवर टाइल मारलीय का बघा. दारं खालून नव्याने तासलेली असतात, उंबरठा जवळपास गायब झालेला असतो. रुपयाच्या नाण्याने टाइल ठोकत चला, भद्द आवाज आला की खाली पोकळ. आमच्या घरी बाथरूम पॅसेजच्या लेव्हलला आलं होतं. आंघोळ झाली की पाणी थेट हॉलच्या दर्शनाला!

चाळकरी:
एवढं खणत बसलात तर या जन्मी घर मिळायचं नाही. जुन्या घरात थोडी ओल असणारच. भाव पाडून घ्या आणि मोकळे व्हा.

प्लास्टरकाका:
चाळकरी, भाव पाडायला तरी काय बिघडलंय ते कळायला हवं ना. भिंतीची ओल मी सोडून देईन. स्लॅब आणि संडास-बाथरूम नाही सोडणार.

सहीशिक्का:
मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. फ्लॅटपेक्षा सोसायटीच्या ऑफिसात जास्त वेळ काढा. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत दुसऱ्या गटात. शेवटचा रिपोर्ट मागा. "शोधावा लागेल" असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे.

दुसरं, गळतीच्या तक्रारींची फाइल. पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या माथी. तुमच्या संडास-बाथरूममधून खाली गळलं तर खर्च तुमचा. घर नावावर झालं की खालच्यांचं भांडणही तुमच्याच नावावर.

आळशी_ऊद:
वायरिंग राहिलं. नवे स्विच बघून भुलू नका, एखादा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या, आत जुनीच वायर असू शकते. गीझर, एसी, इंडक्शन एकदम चालवून बघा. आणि सकाळी पहिलं पाणी सोडा. लालसर आलं तर नळ नवे, पाइप जुने.

मनीप्लांट:
सगळ्यांचे आभार! आज आईला घेऊन पुन्हा जाऊन आले. लाइट काढायला मालकांनी नाही म्हटलं ("वॉरंटी जाईल"). ऑडिटचा रिपोर्ट चेअरमनकडे आहे, ते गावी गेलेत. आई मात्र सरळ खाली दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथल्या काकू फार गोड, चहा केला. म्हणाल्या, "वरची माणसं खूप चांगली हो, मागच्याच महिन्यात स्वखर्चाने आमच्या छताला रंग मारून दिला." तेवढीच एक चांगली बातमी.

प्लास्टरकाका:
कुठल्या छताला?

मनीप्लांट:
स्वयंपाकघराच्या.

सहीशिक्का:
अगं, आणि त्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर तुझ्याकडे काय येतं?

मनीप्लांट:
थांबा, नकाशा काढून बघते.

…अटॅच्ड टॉयलेट.

प्लास्टरकाका:
टोकन थांबव. मालकांना म्हणावं, त्या टॉयलेटमधलं पाणी जायचं भोक कापडाच्या बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी २४ तास भरून ठेवू. दुसऱ्या दिवशी काकूंकडे चहाला जा आणि वर बघ.

चाळकरी:
काकूंकडे मीही येतो.