चौऱ्याची मडकी आणि पोफळीची विरी

निकोबार बेटांच्या हस्तकलेवर बोलताना काही जण शंख-शिंपल्यांच्या माळांनाच निकोबारी हस्तकला म्हणतात, आणि जुन्या वस्तू मागे पडल्या कारण 'लोकांना आता प्लास्टिकच हवंय' असंही सांगतात. पण माळा म्हणजे पर्यटकांच्या दुकानातल्या वस्तू झाल्या. निकोबारी घरातल्या वस्तू वेगळ्याच, आणि मला त्या जास्त आवडतात.

सगळ्यात भारी म्हणजे निकोबारमधल्या चौरा बेटाची मडकी. चौऱ्यावर चांगली माती नाही. ती शेजारच्या टेरेसा बेटावरून होडीतून आणायची. तरीही मडकी घडवायचा मान पिढ्यान्पिढ्या चौऱ्याचाच, बाकी बेटांनी ती त्यांच्याकडून घ्यायची! घडवायच्या बायका, तेही चाकाशिवाय: मातीच्या वळ्या एकावर एक चढवत. भाजलेल्या गरम मडक्यावर कोवळ्या नारळाच्या सोडणाच्या ओल्या पट्ट्या लावल्या की काळे पट्टे उमटतात. रंग विकत आणायची भानगडच नाही. केवड्याच्या जातभाईचं मोठं फळ शिजवायला अशी मडकी वापरत.

पाण्यासाठी अख्ख्या नारळाच्या पोकळ करवंट्या, जोडीजोडीने बांधून टांगलेल्या. बसायला-झोपायला पोफळीची विरी, म्हणजे तिच्या झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, सपाट करून अंथरायची. कोकणात आपण त्याच विरीच्या पत्रावळी करतो, पण अंथरूण करायचं कोणाला सुचलं नाही बहुतेक.

२००४ च्या त्सुनामीत चौऱ्याच्या लोकांना टेरेसावर हलवलं होतं. नारळाच्या बागा गेल्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल झोपड्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी पत्र्याची घरं आली. त्यामुळे 'लोकांना आता प्लास्टिकच हवंय' हे म्हणणं मला पटत नाही. कच्चा मालच वाहून गेला, त्यात हौसेचा प्रश्न कुठे येतो?