मदत हवी आहे: बीएनपी हे पाणी बाहेर काढणारं हार्मोन इतकं वाढलेलं असूनही अंगात पाणी का साठतं?

आईला हार्ट फेल्युअर आहे. उपचार नीट चालू आहेत, त्याबद्दल सल्ला नकोय. शरीरात नेमकं काय चाललंय ते मला समजून घ्यायचंय, कारण तिच्या प्रश्नांना उत्तरं मलाच द्यावी लागतात.

आतापर्यंत कळलंय ते असं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. ते कमी पडतंय असं वाटलं की मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मीठ अडवतं, मिठाबरोबर पाणी थांबतं. उलट बाजूला खुद्द हृदय आहे. १९८१ मध्ये डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयातल्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवीवाटे भराभर मीठ-पाणी जाऊ लागलं. त्या अर्कातलं हार्मोन म्हणजे एएनपी. बीएनपी त्याचंच भावंड, हृदयाच्या भिंती ताणल्या की रक्तात येणारं.

अडतंय ते इथे. आईचं बीएनपी दर वेळी वाढलेलंच येतं. म्हणजे पाणी बाहेर काढणारं हार्मोन भरपूर आहे. तरी संध्याकाळी तिच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. असं का? आणि नवीन गोळी सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बीएनपीऐवजी एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी तयार होताना सुटणारा दुसरा तुकडा) ही तपासणी करायला सांगितलीय, ते कशासाठी?

प्रतिसाद १
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

अंगात एकूण पाणी किती आहे हे मूत्रपिंडाला कळत नाही. त्याला कळतो फक्त त्याच्यापर्यंत पोचणारा दाब आणि प्रवाह. हृदयाचा जोर कमी पडला की धमन्यांतला भरणा घटतो, आणि जखमेतून रक्त वाहून गेल्यावर मूत्रपिंड जे करतं तेच इथेही करतं: रेनिन सोडत राहतं. प्रत्यक्षात रक्त शिरांच्या बाजूला तुंबलेलं असतं, तिथला दाब वाढून पाणी ऊतींमध्ये झिरपतं. तुम्हाला दिसणारा खळगा तो हाच.

एडीएच या पाणी राखून ठेवणाऱ्या हार्मोनचंही तसंच. एरवी रक्त पातळ झालं की ते थांबतं. इथे धमन्यांतला दाब कमी जाणवतो म्हणून ते सुटतच राहतं. आजार बळावल्यावर काही रुग्णांचं सोडियम घसरतं त्यामागे हेही एक कारण आहे.

या सगळ्यापुढे बीएनपी कमी पडतं. मूत्रपिंडं त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. शिवाय तपासणीत मोजलं जाणारं सगळंच बीएनपी कामाचं नसतं. त्यात अर्धवट तयार झालेला, कमी प्रभावी भाग बराच असतो. त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी परिणाम तेवढा नसतो.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गोळीत सॅक्युबिट्रिल आहे का बघा. शरीरात नेप्रिलायसिन नावाचं एंझाइम बीएनपीचं विघटन करतं. ही गोळी ते एंझाइम रोखते. त्यामुळे बीएनपी थोडं गोळीमुळेच वाढू शकतं आणि हृदयावरचा ताण वाढलाय की गोळीचा परिणाम आहे, हे सांगणं अवघड होतं. एनटी-प्रोबीएनपीचं विघटन नेप्रिलायसिन करत नाही, म्हणून तो आकडा भरवशाचा.

धागाकर्ती
हो, सॅक्युबिट्रिल आणि वाल्सार्टन एकत्र आहे. वाल्सार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं ना? म्हणजे एकाच गोळीने अडवणाऱ्या बाजूला लगाम आणि सोडणाऱ्या बाजूला बळ! आता तिची दुसरी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, तीही ध्यानात आली, ते अल्डोस्टेरॉनच्या आड येत असणार. पण मग दर वेळी पोटॅशियम का तपासतात?

प्रतिसाद १
अल्डोस्टेरॉन सोडियम अडवताना पोटॅशियम लघवीत ढकलतं. त्याला रोखलं की पोटॅशियम रक्तात साठू शकतं, वाल्सार्टननेही तेच होतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ती तपासणी कधीच चुकवू नका, आणि मिठाला पर्याय म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं.